वीरूच्या गोगलगाई

गोगलगाय म्हटलं की बनुबाईला आधी मीठ आठवायचं. वडूजच्या पुढं, माळाच्या कडेला त्यांचं घर आणि घरामागं सोयाबीनचं रान. पावसाळ्यात शंखी गोगलगाई बांधावरून खाली उतरायच्या आणि कोवळे कोंभ बुडापासून कुरतडून टाकायच्या. मग बनुबाई बादली घेऊन सरीसरीनं हिंडायची, एकेक वेचून पोत्यात भरायची आणि वरून मीठ नि चुना ओतायची. पोत्यातून फेस यायचा, फसफस आवाज यायचा. तिच्या मनात दया नव्हती असं कुणी म्हणू नये. पण पेरलेलं रान एका रात्रीत बोडकं झालेलं ज्यानं पाहिलंय, त्याच्याकडं दयेचा विषय काढून बघावा.

अशा बाईच्या घरात तिच्या धाकट्या लेकानं काचेची पेटी आणून ठेवली, तीत बोअरचं पाणी भरलं आणि पाच पिवळ्याधमक गोगलगाई सोडल्या. वीरधवल त्याचं नाव, घरात वीरू. पुण्यातली कंपनी बंद पडली तेव्हा अंथरुणाची वळकटी आणि ही पेटी घेऊन तो गावी परतला होता.

"आरं, ज्यांना मी मारती, त्यांनाच तू घरात पाळतोस व्हय?" बनुबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"आये, ह्या येगळ्या हायत. पाण्यातल्या. ह्या तुझं सोयाबीन खात न्हाईत, ह्यांना काकडी लागती."

"काकडी! माझ्या सासूला कवा काकडी पुसली न्हाई कुणी."

वीरू हसायचा. दुपारी रानातून आला की हातपाय धुऊन पेटीपुढच्या स्टुलावर बसायचा आणि बोटातली अंगठी काचेवर वाजवायचा, टिक, टिक. "उठा सरपंच, जेवाण आलं." सगळ्यात थोरली गोगलगाय म्हणजे सरपंच, कारण ती बाकीच्यांना ढकलून पहिली फोड स्वतः खायची. बनुबाई तोंड फिरवून भाकरी थापायची, पण कान तिकडंच असायचे.

गेल्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात दहिवडीच्या रस्त्यावर वीरूची मोटारसायकल घसरली. त्याच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. यापलीकडं त्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही.

दहाव्याला येरळेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसलेला दिसत होता, पण खाली उतरत नव्हता. थोरला लेक लालासाहेब सातारला सरकारी कचेरीत होता. तो पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "वीरू, रान इकत न्हाई." कावळा ढिम्म. "आईला मी संभाळतो." ढिम्मच. मामानं काही कबूल केलं, चुलत्यानं काही कबूल केलं. ऊन चढलं, भटजी घाम पुसू लागले, कुणीतरी दर्भाचा कावळा करायचं बोलू लागलं. तेव्हा बायकांत बसलेली बनुबाई उठली, थेट पिंडापाशी गेली.

"वीरू, तुझ्या गोगलगाई मी संभाळती. मरू देत न्हाई. माझा सबूद."

कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि भाताचं शीत घेऊन उडाला. माणसांनी सुस्कारा सोडला. बनुबाईनं मात्र तो शब्द पदरात गच्च बांधून घेतला. जित्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर पाय धरता येतात, भांडता येतं. पिंडावर दिलेल्या शब्दाची माफी कुणाकडं मागायची?

दिवाळी झाल्यावर लालासाहेब तिला सातारला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तिनं लुगडी घेतली चार आणि पेटी. पाच गोगलगाई ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातल्या आणि तो डबा गाडीत शेवटपर्यंत मांडीवर धरला. लालासाहेबाची बायको रेश्मा शाळेत शिकवायची, स्वभावानं मऊ. तिनं हॉलमध्ये खिडकीपाशी जागा करून दिली, पेटीपुढं बसायला स्टूल ठेवलं, हवेचा पंप लावायला बटण दाखवलं.

आता लालासाहेबाच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान कशाला असेल, तर स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करायच्या मशिनला. पाहुणा आला की त्याला आधी ते दाखवायचं, मग चहा. बनुबाईनं त्यातला पहिला पेला प्याला आणि ती चकित झाली. गावाकडच्या बोअरचं पाणी एवढं जड की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला आतून पांढरा थर बसतो. जन्मभर ते प्यायलेल्या बाईला हे पाणी पाणी वाटेना, तीर्थ वाटलं. तिनं तिथंच ठरवलं, वीरूच्या गोगलगाईंना हेच पाणी.

"आत्या, नळाचं घातलं तरी चालंल की त्यांना," रेश्मा म्हणाली. सासूला ती आत्या म्हणे.

"नगं. आमचा जलम खाऱ्या पाण्यात गेला. त्याच्या जितराबांना तरी ग्वाड मिळू दे."

एवढ्यावर ती थांबली नाही. पेटीच्या काचेवर गावच्या पाण्याचा पांढरा थर होता, तो तिनं चिंच लावून घासून काढला. तळातले खडे एकेक चोळून लख्ख केले. मग मशिनच्या नळाखाली कळशी लावून ती पेटी काठोकाठ भरली. दुष्काळी मुलखातल्या माणसानं जीव लावायचा म्हटलं तर तो गोड पाण्यातूनच लावणार, दुसरं काय देणार तो? तिच्या अंगात त्या दिवशी वीरू गेल्यापासून नव्हता एवढा हुरूप होता.

संक्रांतीच्या सुमाराला तिला पहिल्यांदा दिसलं की सरपंचाच्या शंखाचं टोक पांढरं पडलंय. मग कडा तुटू लागल्या. मग बाकीच्या चौघींचंही तेच. पिवळा रंग उडून शंख जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखे दिसायला लागले आणि सरपंचाच्या पाठीवर मसुरीच्या डाळीएवढं भोक पडलं.

आणि टिकटिक सुरू झाली.

भर दुपारी. लालासाहेब कचेरीत, रेश्मा शाळेत, बनुबाई जेवून आडवी झालेली. डोळा लागायच्या बेतात असताना काचेवर आवाज आला, टिक. ती उठून बसली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. पेटीपुढं स्टूल होतं, ते रिकामं होतं. पंप बुडबुडत होता. ती परत आडवी झाली आणि पुन्हा आवाज आला, टिक, आणि थोड्या वेळानं पुन्हा. अंगठी काचेवर वाजावी तसा.

बनुबाई भ्याली नाही. स्वतःच्या पोराला कोण भितं? तिला भीती वाटली ती वेगळीच. हा प्रेमानं आलेला नाही, असं तिच्या मनानं घेतलं. हा जाब विचारायला आलाय. आये, तू म्हणालीस मरू देत न्हाई, मग हे काय चाललंय?

मग रोजचंच झालं. कधी एकदा, कधी चारदा, पण दुपार चुकायची नाही. तिची भाकरी अर्ध्यावर आली. लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन ती स्टुलाच्या बाजूला फरशीवर बसायची आणि रिकाम्या स्टुलाशी बोलायची. "करती की रं. कालच तर पाणी बदाललं. आजून काय करू, सांग की." तो काही सांगायचा नाही, नुसतं वाजवायचा. ती आणखी कळशा भरायची, आणखी पाणी बदलायची. आधी आठवड्यानं बदलायची, आता एक दिवसाआड. जेवढं पाणी गोड तेवढे शंख झिजत होते, आणि जेवढे शंख झिजत तेवढी ती गोड पाणी घालत होती.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. रेश्मानं दार उघडलं तर सासू पेटीपुढं हात जोडून रडत होती. काय झालं, कोण बोललं, हे विचारून झाल्यावर बनुबाईनं सगळं सांगून टाकलं. रेश्मा हसली नाही, रागावली नाही, देवऋष्याचं नावही तिनं काढलं नाही. तिनं पेटीतलं पाणी बाटलीत घेतलं, सरपंचाला स्टीलच्या डब्यात घातलं आणि सासूला रिक्षात बसवलं.

बसस्थानकामागच्या गल्लीत शिवतेज नावाच्या माणसाचं माशांचं दुकान होतं. बोलका गडी. एका माशाचं गिऱ्हाईक आलं तरी त्याला सगळ्या माशांच्या सवयी सांगणारा. त्यानं छोट्या नळीत पाणी घेतलं, वरून कसले तरी थेंब सोडले. पाणी पिवळं झालं.

"आजी, पाणी आंबट झालंय. कुठलं घालता?"

"मशिनचं. प्यायचं. एकदम चोख."

"तिथंच गडबड हाय. आवं, ही गोगलगाय आपला शंख पाण्यातनंच बांधती. पाण्यात चुन्याचा अंश लागतो तिला. तुमच्या मशिननं तो सगळा काढून टाकलाय. मग पाण्याला स्वतःलाच भूक लागती, ते शंखातनं चुना ओढून घेतं. गावाकडं बोअरचं घालत हुता न्हवं? तवा कसा ठणठणीत शंख हुता बघा."

"चुना?" बनुबाई एकदम ताठ झाली. "चुन्यानं मी पोत्यानं मारल्यात गोगलगाई. मला नगं सांगूस."

"खायचा चुना न्हाई आजी, तो जाळतो. मी म्हणतोय ते हे." त्यानं पांढरा, हलका, चपटा तुकडा पुढं केला. समुद्रफेस, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तो. "न्हाईतर अंड्याची टरफलं उकळून, वाळवून कुटून घाला. हळूहळू विरघळतं, जाळत न्हाई. आन् पाणी नळाचं घाला, एक दिवस उघडं ठेवून. थेंबाची बाटली आन् नळी देतो. पिवळं दिसलं की वाईट. हिरवं-निळं दिसलं की बरं, गडद जांभळं झालं तर चुना जास्त."

बनुबाईनं समुद्रफेस हातात घेतला, उलटसुलट बघितला. मग दुकानातल्या पेट्यांकडं बघत, जणू सहज, तिनं विचारलं, "ह्या आवाज करतात का रं? टकटक?"

"व्हय की! पाणी सोसंना झालं की काचंवरनं वर चढतात, भायेर पळाया बघतात. अंगात जोर नसतो, पकड सुटती, आन् पडतात. शंख आपटतो काचंवर."

रिक्षात बसल्यावर तिनं समुद्रफेस पदराच्या टोकात गुंडाळला. मग रेश्माला म्हणाली, "त्याला काय कळतंय. मासं इकणारं माणूस."

संध्याकाळी रेश्मानं नवऱ्याला सगळं सांगितलं. लालासाहेबाची एक खोड अशी की त्याला अर्धं ऐकूनच पूर्ण कळतं. चुना कमी पडलाय एवढं त्यानं ऐकलं. सकाळी गॅलरीत तंबाखू मळता मळता त्याला आईची माया आली, धाकट्या भावाची आठवण आली, आणि त्यानं बंडीच्या खिशातली चुन्याची डबी काढून बोटानं चांगला गोळा उचलून पेटीत ढवळला. चांगल्या मनानंच. मग डबा घेऊन कचेरीला गेला.

बनुबाई देवाला फूल वाहून हॉलमध्ये आली तर पाची गोगलगाई तळाला पडल्या होत्या. शंखाची दारं गच्च मिटलेली. पाणी धुरकट. तिनं बाटलीतले थेंब घातले तर नळीतलं पाणी गडद निळंजांभळं झालं. पेटीवर वाकली आणि तिच्या नाकात चुन्याचा वास गेला. पोत्यातला फेस, ती फसफस, ते सगळं रान तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"कुणी घातला चुना? रेश्मे! कुणी घातला?"

तिनं बाह्या वर न करताच दोन्ही हात पेटीत घातले. रेश्मानं आदल्या दिवशी नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवलं होतं, ते घमेल्यात ओतलं आणि गोगलगाई त्यात सोडल्या. मग दोघीजणी घमेल्याशेजारी बसून राहिल्या. रेश्मा त्या दिवशी शाळेत गेली नाही. दुपार कलली तेव्हा सरपंचानं दार किलकिलं केलं, मग आणखी दोघींनी. उरलेल्या दोघी काही उघडल्या नाहीत.

संध्याकाळी लालासाहेब आला, त्याला कळलं आणि तो बूट न काढता दारातच खाली बसला. "आई, मला वाटलं..."

"तुला काय बोलू? मी तरी दोन म्हैनं दुसरं काय करत हुते?" ती म्हणाली. दोन मेलेले शंख तिनं कुंडीत, मोगऱ्याच्या बुडाला पुरले. शब्द मोडला होता. आता पोरगं येईल आणि काय करील, याची वाट बघत ती बसून राहिली, आणि ती वाट बघणं फार वाईट होतं.

पुढचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. नळाचं पाणी बादलीत झाकणाशिवाय ठेवायचं, टरफलं उकळायची, गॅलरीत वाळवायची, खलबत्त्यात कुटायची. समुद्रफेस तळाशी, खड्याखाली अडकवायचा. नळीत थेंब टाकून उजेडाकडं धरायचे आणि रंग बघायचा. मोहरीच्या फोडणीचा अंदाज असलेल्या बाईला रंगाचा अंदाज यायला किती वेळ लागतो? पाणी हिरवट निळं दिसायला लागलं आणि तसंच राहिलं. शिमगा आला तोवर तिन्ही शंखांच्या तोंडाशी नवी कड धरली होती, गुळगुळीत, पिवळी. सरपंचाच्या पाठीचं भोक तसंच होतं. ते बुजत नाही, असं शिवतेजनं सांगून ठेवलं होतं.

आणि टिकटिक थांबली.

पहिले काही दिवस बनुबाईला हलकं वाटलं. शांत झालं लेकरू, ती म्हणाली, आणि पोटभर जेवली. दुपारी झोपली. मग एका दुपारी ती जागी झाली ती आवाज न आल्यामुळं. ती पडल्या पडल्या ऐकत राहिली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. पंप बुडबुडत होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती उठून काचेला कान लावून बसायला लागली. रागावलेला का असेना, रोज येत तर होता! दुपारची एक वेळ ठरलेली होती, दोन शब्द तिचे, दोन टिचक्या त्याच्या. आता एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये दुपारी तिच्याशी वाईट वागायलासुद्धा कुणी नव्हतं.

"वीरू," ती म्हणायची, "बरं चाललंय म्हणून येत न्हाईस व्हय रं?"

सरपंच तळाशी बसून काकडी खात होता. वर चढायचं त्याच्या मनातही नव्हतं. तिला त्याचा संताप आला. खा, म्हणाली, तुझं झालं बरं. आणि त्याच क्षणी दुकानातलं ते बोलणं तिच्या मनात वर आलं, जे तिनं रिक्षात उडवून लावलं होतं. पाणी सोसेना झालं की चढतात. पकड सुटली की पडतात. पडल्या की वाजतं. बनुबाईला ते आता खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणूनच तिनं ते उलटीकडून मोजलं. तिला कुणी सांगायला नको होतं. पुढं काय करायचं ते तिच्या हातांना ठाऊक होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. मशिनच्या नळाखाली कळशी लावली, भरेपर्यंत उभी राहिली. भरलेली कळशी डाव्या कमरेवर घेऊन पेटीपाशी आली. उजवा हात पाण्यात घालून तिनं खड्याखालचा समुद्रफेस ओढून काढला आणि खिडकीत ठेवला. आता पेटीतलं पाणी उपसायचं आणि हे ओतायचं, एवढंच राहिलं होतं. रोज थोडं ओतलं तरी चाललं असतं. कुणाला कळलंही नसतं.

तिनं उजवा हात पुन्हा पाण्यात घातला. सरपंचाला वाटलं, जेवण आलं. तो काकडी सोडून निघाला, दोन लांब मिशा हलवत काचेवरून वर आला आणि तिच्या बोटाला लागला. मऊ, गार. बारीक तोंडानं बोटाची कातडी चाटायला लागला. बनुबाईनं उभ्या जन्मात हजारांनी गोगलगाई हातात धरल्या होत्या, पण त्यांतल्या एकीनंही तिला असा हात लावला नव्हता. तिनं बोट हलवलं नाही. हलवलं तर तो पडला असता.

कुलपात किल्ली फिरली. रेश्मा आत आली ती दारातच थबकली. सासू पेटीपुढं उभी, एक हात पाण्यात, कमरेवर भरलेली कळशी, लुगड्यावरून पाणी ओघळतंय, खिडकीत ओला समुद्रफेस.

"आत्या? काय करताय?"

"रेश्मा, ही कळशी घे माझ्याकडनं," बनुबाई म्हणाली. "माझी मला खाली ठेववंना."

रेश्मानं पिशवी टाकली आणि कळशी घेतली. बनुबाईनं दुसरा तळहात सरपंचाखाली धरला, त्याला अलगद तळाला सोडला, मगच हात बाहेर काढला.

"पोराला बोलवाया निघाले हुते," ती म्हणाली. "ह्यांचा जीव खाऊन."

रेश्माला अर्धंच कळलं, पण तेवढंही तिला पुरलं. ती सासूच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. दहाव्याला, तेराव्याला, येणाऱ्याजाणाऱ्यांपुढं, देवापुढं, कुठंच जो शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता, तो आता तिच्या ओठाशी येऊन अडकला आणि तिनं तो जोर करून बाहेर ढकलला.

"ह्या जगल्या गं, रेश्मा," ती म्हणाली. "आन् आपला वीरू गेला."